गिरणीतला अपघात आणि कुंभाराचं गाढव

संयोजकांनी विषय कळवला तेव्हा मी त्यांना फोन करून विचारलं, "अहो, वक्त्यांच्या नावांची अदलाबदल तर झाली नाही ना?" कामाच्या ठिकाणी होणाऱ्या इजा आणि आजार, ते टाळायचे कसे आणि झाल्यावर त्यांची चौकशी करायची कशी, हा विषय इंजिनिअरचा किंवा डॉक्टरचा. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. माझ्या हाताला खडूची सोडून दुसरी कुठलीही धूळ लागलेली नाही. पण मग मनात आलं, चौकशी म्हणजे शेवटी काय? 'हे कशामुळे झालं' या प्रश्नाचं उत्तर शोधणं. आणि 'कशामुळे' या एका शब्दावर मी तीस वर्षं वर्ग घेतले आहेत. तेव्हा नाही म्हणायची सोय राहिली नाही.

दुसरं कारण घरचं आहे. माझे थोरले काका गिरणीत होते, कार्डिंग खात्यात. त्यांच्याविषयी नंतर बोलेन. आधी इतिहास.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी काढली. कंपनी १८५४ची, आणि ताडदेवला प्रत्यक्ष सूत निघू लागलं १८५६मध्ये. पुढच्या वीस वर्षांत गिरण्या वाढल्या आणि घाटावरून, कोकणातून माणसं त्यांत येऊन पडली. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा तसं कामही मोठं. यंत्रं वाफेची. एका मोठ्या इंजिनापासून वर छताशी लांबच लांब लोखंडी दांडे फिरायचे आणि त्यांच्यावरून प्रत्येक यंत्राला चामड्याचे पट्टे उतरायचे. त्या पट्ट्यात धोतराचा सोगा गेला की माणूस वर ओढला जायचा. यंत्राखालचा कचरा काढायला लहान मुलं, कारण ती खाली मावतात. यंत्र चालू ठेवूनच साफसफाई, कारण थांबवलं तर उत्पादन थांबतं. अपघात व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

१८७५मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी फॅक्टरी कमिशन नेमलं. हे कमिशन केवळ कामगारांच्या कळवळ्यातून आलं असं समजू नका. मँचेस्टरच्या गिरणीमालकांची तक्रार होती की आमच्यावर कायद्याची बंधनं आहेत आणि मुंबईवाल्यांवर नाहीत, हा अन्याय आहे. लॉर्ड शाफ्ट्सबरींसारखा माणूस मनापासून बोलत होता हे खरं, पण त्यांच्यामागे उभे असलेले सगळेच शाफ्ट्सबरी नव्हते. इकडे आपल्या राष्ट्रवादी वर्तमानपत्रांनी मँचेस्टरचा कावा बरोबर ओळखला आणि कायद्याला विरोध केला. कावा ओळखला हे उत्तम. पण त्या धांदलीत पट्ट्यात हात गेलेल्या माणसाचं काय, हा प्रश्न दोन्ही बाजूंच्या मधल्या फटीत पडला. कमिशनवर गिरणीमालकांचाच भरणा होता आणि बहुमताचा निष्कर्ष आला की कायद्याची गरज नाही. आपल्याच एका माणसाने मात्र नेट सोडला नाही. सोराबजी शापुरजी बंगाली. त्यांनी १८७८मध्ये स्वतः एक विधेयक तयार केलं. ते पुढे गेलं नाही, पण विषय जिवंत राहिला.

मग १८८१चा फॅक्टरी कायदा. यांत्रिक शक्तीवर चालणारा आणि शंभर किंवा जास्त माणसं असलेला कारखाना, एवढ्यांनाच तो लागू. सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांहून जास्त राबवायचं नाही आणि महिन्याला चार सुट्ट्या द्यायच्या. धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालायचं. अपघात झाला तर खबर द्यायची. मोठ्या माणसांचे तास? त्याबद्दल अक्षर नाही. चहाचे, कॉफीचे, निळीचे मळे वगळलेले. तेव्हा हा कायदा तोकडा होता हे सगळेच इतिहासकार सांगतात. मला त्यातली दोन कलमं महत्त्वाची वाटतात, कुंपण आणि खबर. कुंपण म्हणजे प्रतिबंध, खबर म्हणजे चौकशीची सुरुवात. दोन्ही गोष्टी कागदावर आल्या. पण खबर गेल्यावर पुढे काय? जखमी माणसाच्या घरी त्या संध्याकाळी काय शिजायचं? याबद्दल कायदा गप्प होता.

हे बोललं कोण, तर नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, ठाण्याचा. जोतीराव फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक. रेल्वे आणि टपाल खात्यात नोकऱ्या करून पुढे गिरणीत स्टोअरकीपर झाले. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात काढलेलं 'दीनबंधू' १८८०पासून मुंबईत चालवू लागले. १८८४मध्ये सरकारने दुसरं फॅक्टरी कमिशन नेमलं. लोखंड्यांनी काय करावं? कमिशनसमोर आपण एकटे जाऊन साक्ष द्यावी, हा सोपा मार्ग होता. त्यांनी सप्टेंबरमध्ये कामगारांच्या सभा घेतल्या, पहिली परळला, २३ तारखेला. तिथे मागण्या ठरल्या आणि त्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. सह्या म्हणतो, पण त्यातले बहुतेक अंगठेच असणार.

मागण्या पाच. आठवड्याला एक पूर्ण दिवस, रविवारची, सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. या चार सगळ्यांना माहीत असतात. रविवारची तर फारच, दर काही महिन्यांनी तुमच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवतं. पाचवी फारशी कोणी सांगत नाही. ती अशी: गिरणीत काम करताना ज्याला गंभीर दुखापत होऊन काही काळ काम करता येणार नाही, त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि जो जन्माचा अधू होईल त्याच्या निर्वाहाची योग्य तजवीज व्हावी.

आता या वाक्यात काय नाही ते बघा. 'मालकाची चूक असेल तर' असं त्यात नाही. 'कामगाराची चूक नसेल तर' असंही नाही. दुखापत काम करताना झाली, एवढं पुरे. याचं मोल कळायला तेव्हा जगात काय चाललं होतं ते बघायला हवं.

इंग्लंडमध्ये १८३७ साली एक खटला झाला, प्रिस्टली विरुद्ध फाउलर. फाउलर हा खाटीक आणि प्रिस्टली त्याच्याकडे कामाला असलेला पोरगा. मालकाने गाडीत प्रमाणाबाहेर माल भरला, गाडी मोडली, पोराची मांडी मोडली. ज्यूरीने शंभर पौंड भरपाई द्यायला सांगितली. वरच्या न्यायालयात लॉर्ड अॅबिंजर यांनी ती रद्द केली. त्यांचा युक्तिवाद असा, की गाडी जड झाली आहे हे मालकाइतकंच, किंबहुना मालकापेक्षा जास्त, पोरालाच कळायला हवं होतं. नको होतं तर त्याने त्या गाडीवर बसू नये! आणि एकदा का असल्या भरपाया द्यायला लागलो तर याला अंतच राहणार नाही. या निकालाच्या पोटातून आणि पुढच्या काही निकालांतून मालकाच्या बचावाच्या तीन भिंती उभ्या राहिल्या. एक, अपघात सहकाऱ्याच्या चुकीने झाला, मालक जबाबदार नाही. दोन, धोका माहीत असून त्याने काम पत्करलं. तीन, त्याची स्वतःचीही थोडी चूक होतीच. गिरणीतला कुठलाही अपघात घ्या, या तीनपैकी एका भिंतीवर तो आपटतोच. विद्यार्थ्यांना मी सांगायचो, भाकरी थापणाऱ्या बाईचा हात तव्याला लागला तरी या तिन्ही भिंती तिच्यासमोर उभ्या करता येतील.

हे चित्र युरोपात पहिल्यांदा बदललं ते जर्मनीत, बिस्मार्कच्या काळात. चूक कुणाची हे न पाहता मालकांच्या संघांनी वर्गणी काढून भरपाई द्यायची, असा अपघातविम्याचा कायदा. त्या संघांना अपघात टाळण्याचे नियम करण्याचाही अधिकार मिळाला, कारण पैसे त्यांच्याच खिशातून जाणार. भरपाई आणि प्रतिबंध असे एकमेकांना बांधले गेले. आणि या कायद्याची तारीख? ६ जुलै १८८४. परळची सभा त्यानंतर अडीच महिन्यांनी. लोखंड्यांना बर्लिनची बातमी असेल-नसेल, पण अर्ज वाचताना तसं काही जाणवत नाही. मला वाटतं, ज्याने गिरणीत उभं राहून जखमी माणूस घरी जाताना पाहिला आहे त्याला ही मागणी सुचायला बर्लिनला जावं लागत नाही. खुद्द इंग्लंडात असा कायदा व्हायला १८९७ उजाडलं.

मुंबईच्या अर्जाचं काय झालं? २४ एप्रिल १८९०ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या, हे विसरू नका. १० जूनला गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास आला. पाचवी मागणी? ती आली १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, जो १ जुलै १९२४ला अमलात आला. एकोणचाळीस वर्षं. लोखंडे १८९७च्या फेब्रुवारीत प्लेगने गेले होते.

या १९२३च्या कायद्यातलं एक वाक्य वकील मंडळींना तोंडपाठ असतं: कामातून आणि कामाच्या ओघात उद्भवलेल्या अपघातामुळे झालेली इजा. निव्वळ निष्काळजीपणा केला म्हणून भरपाई बुडत नाही. नशेत असला, मुद्दाम आज्ञा मोडली किंवा संरक्षक साधन जाणूनबुजून काढून टाकलं तरच प्रश्न येतो. म्हणजे १८३७च्या त्या भिंतींना कायद्याने भगदाड पाडलं. सहकाऱ्याच्या चुकीचा बचाव आपल्याकडे १९३८च्या कायद्याने गेला, इंग्लंडात १९४८मध्ये. भरपाईच्या खिडकीवर चुकीचा प्रश्न संपला. पण तो गेला कुठे? तो चौकशीच्या खोलीत जाऊन बसला. तिथे तो अजून आहे.

इथे मला माझं दुकान उघडावं लागेल.

न्यायदर्शनात कारणाची व्याख्या फार काटेकोर आहे. जे कार्याच्या आधी नियमाने असतं आणि जे 'अन्यथासिद्ध' नाही, ते कारण. अन्यथासिद्ध म्हणजे आधी असूनही ज्याची कारण म्हणून गरज नाही ते. भाषापरिच्छेदात विश्वनाथ पंचाननांनी याचे पाच प्रकार दिले आहेत आणि उदाहरण सगळं कुंभाराच्या अंगणातलं आहे. घट कशामुळे झाला? माती, चाक, काठी, कुंभार ही कारणं. पण काठीचा रंग? तो काठीबरोबर आलाच, पण कारण नाही. कुंभाराचा बाप? बाप नसता तर कुंभार नसता, पण घटाचं कारण म्हणून तो धरायचा नाही. आकाश? ते आहेच. आणि शेवटी गाढव. माती वाहून आणणारं गाढव एखाद्या घटाच्या आधी अंगणात उभं असेलही, पण गाढवाशिवाय घट होतात. तेव्हा गाढव कारण नाही. वर्गात हे उदाहरण आलं की हमखास हशा पिकायचा.

आता अपघाताचा अहवाल उघडा. कुठल्याही कारखान्याचा. 'अपघाताचे कारण' या रकान्यात काय असतं? 'कामगाराचा हलगर्जीपणा.' माझा प्रश्न साधा आहे. माणसाचं लक्ष क्षणभर विचलित होणं, ही गोष्ट आकाशासारखी नाही का? नैयायिकांचं आकाशाबाबतचं स्पष्टीकरण जरा वेगळं आहे, संस्कृतचे जाणकार इथे बसले आहेत, ते मला पकडतील. पण माझ्यापुरता मी त्याचा असा उपयोग करतो: जे सगळीकडे, सगळ्यांच्या बाबतीत, सदासर्वदा असतं त्याने 'हे इथेच का झालं' याचं उत्तर मिळत नाही. लक्ष तुमचंही आत्ता विचलित होत असेल. तुमचा हात तुटत नाही, कारण तुमच्या शेजारी उघडा पट्टा फिरत नाहीये.

हलगर्जीपणाला कारणाच्या खुर्चीवर पक्कं बसवायचं काम ज्या पुस्तकाने केलं ते १९३१चं. अमेरिकेतल्या एका विमा कंपनीतले एच. डब्ल्यू. हाइनरिख यांनी अपघातांची पंचाहत्तर हजार प्रकरणं तपासून सांगितलं की ८८ टक्के अपघात माणसांच्या असुरक्षित कृतींमुळे होतात, १० टक्के असुरक्षित परिस्थितीमुळे आणि २ टक्के टाळता न येणारे. हा ८८चा आकडा पुढे जगभरच्या प्रशिक्षणवर्गांत मंत्रासारखा म्हटला गेला. अहो, पण ती प्रकरणं आली कुठून? विमा कंपन्यांच्या आणि कारखानदारांच्या दप्तरातून. म्हणजे ज्यांनी लिहिलं ते मुकादम, सुपरवायझर, मालक. 'कारण काय' हे विचारलं त्याला, ज्याच्यावर कारण येऊ शकतं. उत्तर ८८ टक्के आलं याचं आश्चर्य नाही. उरलेले १० टक्के तरी कसे आले, याचं मला नवल वाटतं. हाइनरिख यांच्यावर पूर्ण अन्याय मात्र करायचा नाही. यंत्राला संरक्षण बसवा, असं तेही आग्रहाने सांगत होते. पण लोकांनी आकडा उचलला.

त्यांच्या वीस-पंचवीस वर्षं आधी क्रिस्टल ईस्टमन नावाच्या बाईंनी वेगळ्या पद्धतीने चौकशी केली होती. पिट्सबर्गच्या परिसरात, जुलै १९०६ ते जून १९०७ या एका वर्षात कामावर मेलेल्या ५२६ माणसांची. बाई कायदा शिकलेल्या, वय पंचविशीचं. त्या नुसत्या दप्तरं वाचत बसल्या नाहीत. सहकाऱ्यांकडे गेल्या, विधवांच्या घरी गेल्या. १९१०मध्ये पुस्तक आलं. 'निष्काळजी' म्हणून नोंदलेल्या माणसांकडे त्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यांत अगदी पोरसवदा मुलं निघाली, लांबलचक पाळ्यांनी थकलेले निघाले, आणि रोज धोक्यात राहून ज्यांना धोका दिसेनासा झाला होता असे निघाले. म्हणजे निष्काळजीपणा हे कारण नव्हे, तेही एक कार्यच, ज्याचं कारण पुढे शोधायला हवं. चौकशी कुठे थांबवायची हे ठरवणं, म्हणजेच दोष कुणाला द्यायचा हे ठरवणं.

अपघाताचं निदान असं तरी असतं की तो दिसतो. रक्त सांडतं, यंत्र थांबतं, माणसं धावतात. आजाराचं तसं नाही. आणि आता मी काकांकडे येतो.

त्यांना घरात सगळे अण्णा म्हणत. लालबागला आमची खोली, दहा बाय बाराची, त्यात आम्ही नऊ माणसं. अण्णा कार्डिंगला होते. गठाणीतून आलेला कापूस आधी फोडतात, झटकतात, मग कार्डिंगच्या यंत्रावर तो दाते असलेल्या रुळांमधून विंचरला जातो. विंचरताना त्यातला कचरा, पानाचा चुरा, तंतू, सगळं हवेत. अण्णा पाळीवरून आले की भुवया पांढऱ्या असत. आम्ही पोरं हसायचो. काकूंनी दाराशीच पंचा ठेवलेला असे.

सोमवारी संध्याकाळी अण्णा बोलत नसत. आईने आम्हाला बजावलेलं असायचं, आज काकांना त्रास द्यायचा नाही. ते भिंतीला टेकून बसत आणि म्हणत, "छातीवर पाटा ठेवलाय कोणीतरी." मंगळवारी बरं असे. बुधवारी तर आम्हाला भुईमुगाच्या शेंगा आणत. पुढच्या सोमवारी परत पाटा. घरात याला 'सोमवारचं दुखणं' म्हणत आणि त्याचा अर्थ सगळे असा लावत, की रविवारच्या सुट्टीनंतर कामावर जायचा कंटाळा. जॉबरही तेच म्हणायचा. नंतर नंतर मंगळवारीही पाटा राहू लागला. मग आठवडाभर. पन्नाशीच्या आत अण्णांनी काम सोडलं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं 'दमा', आणि तिथल्या डॉक्टरांनी विचारलेला एकच प्रश्न काकूंच्या लक्षात राहिला: "बिडी ओढतात ना?" ओढत होते. दिवसाला चार-पाच.

या रोगाला बिसिनोसिस म्हणतात. नाव १८७७चं, आद्रियँ प्रूस्त या फ्रेंच डॉक्टरांनी दिलेलं. कादंबरीकार मार्सेल प्रूस्तचे हे वडील. पण रोग त्याहून जुना. १७००मध्ये बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कामधंद्यांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला, त्यात ताग-जवस विंचरणाऱ्यांचा खोकला आहे. याच रामाझिनींनी वैद्यांना सांगितलं, हिपोक्रेटिसने रोग्याला जे प्रश्न विचारायला सांगितले त्यांत एकाची भर घाला: तू काम काय करतोस? इंग्लंडच्या कापूसधंद्यात १९५०च्या दशकात रिचर्ड शिलिंग यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवल्या, आणि त्या कशावर, तर वारांवर. आधी छाती आवळते ती आठवड्याच्या पहिल्या दिवशी, अधूनमधून. मग दर आठवड्याच्या पहिल्या दिवशी. मग इतर दिवशीही. शेवटी कायमचं अधूपण. हे वाचलं तेव्हा मी पन्नाशीत होतो, ग्रंथालयात बसलो होतो, आणि मला आमची खोली दिसली. पाटा, शेंगा, सगळं.

एक गोष्ट लक्षात घ्या. या रोगाची क्ष-किरणांत स्वतःची अशी खूण उमटत नाही. पुढच्या अवस्थेत तो साध्या जुनाट दम्या-खोकल्यासारखाच दिसतो. तो ओळखायचा तो सोमवारावरून. दोन दिवस नाही, एक अख्खा दिवस तरी कापसाच्या धुळीपासून दूर राहिलं आणि परत गेलं, की पहिल्या दिवशी छाती बोलते. म्हणजे सुट्टी नसेल तर सोमवार नाही, आणि सोमवार नसेल तर रोगाची ओळख नाही. १८९०मध्ये लोखंड्यांनी मिळवलेल्या त्या रविवारने कामगाराला विश्रांती तर दिलीच, पण त्याचबरोबर, कुणाच्याही ध्यानीमनी नसताना, चौकशीचं एक साधन दिलं. जॉन स्टुअर्ट मिलची व्यतिरेकाची पद्धत हीच: एक घटक काढा, परत घाला, बाकी सगळं तसंच ठेवा, आणि काय होतं ते बघा. गिरणीचा भोंगा दर आठवड्याला हा प्रयोग करत होता. निकाल लिहून घ्यायला कोणी नव्हतं.

आणि बिडी? अण्णा बिडी रविवारीही ओढत होते. उलट रविवारी दोन जास्तच. बिडीने छाती आवळत असती तर ती रविवारी आवळली असती. विडी-सिगारेटने हा रोग बळावतो हे खरं आहे, मी ते लपवत नाही. पण सोमवारच्या पाट्याचं कारण म्हणून बिडी पुढे करणं म्हणजे कुंभाराच्या अंगणातलं ते गाढव. आणि गंमत अशी की ज्या वर्षी काकूंनी मला तो डॉक्टरांचा प्रश्न सांगितला, त्याच वर्षी मी एम.ए.च्या वर्गाला अन्यथासिद्ध शिकवत होतो. मला दोन आणि दोन जोडता आले नाहीत. 'बिडी सोडायला हवी होती' असं मीही म्हणालो.

आपल्याकडच्या गिरण्यांत हा रोग नाहीच, असा समज बराच काळ होता. पुढे केईएमच्या डॉ. कामतांसारख्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या छात्या तपासल्या तेव्हा तो दिसला. आधी का दिसला नाही? एक तर वर म्हटलं तसं, प्रश्नच विचारला नव्हता. दुसरं, ज्याला जास्त त्रास होतो तो गावाला निघून जातो. त्याच्या जागी बदली कामगार उभा राहतो, तरुण, निरोगी. तुम्ही खात्यात जाऊन मोजणी केलीत तर तुम्हाला टिकलेलीच माणसं सापडणार. रोगी सापडतील साताऱ्याला, रत्नागिरीला, ओट्यावर बसलेले.

कायद्याचं म्हणाल तर १९२३च्या कायद्याला परिशिष्ट होतं: ठरावीक धंद्यात ठरावीक आजार झाला तर तो अपघातच मानावा. मला हे 'मानावा' फार आवडतं. वीस वर्षं चाललेला अपघात! पण सुरुवातीच्या त्या यादीत अँथ्रॅक्स, शिसं, फॉस्फरस अशी मोजकीच नावं होती, कापूस नव्हता. ज्या शहराचं पोट कापसावर, त्या शहराच्या कायद्यात कापसाचा रोग नाही. बिसिनोसिस नंतर यादीत आला. इंग्लंडमध्ये १९४०च्या कायद्याने तो आला तोसुद्धा पुरुषांपुरता आणि वीस वर्षं त्या धुळीत काढलेली असतील तर. १९४८च्या आपल्या कारखाना कायद्यात यादीतला आजार दिसला तर डॉक्टरने मुख्य निरीक्षकाला कळवायचं, असं कलम ८९मध्ये होतं. न कळवल्यास दंड मुळात पन्नास रुपयांपर्यंत होता, १९८७मध्ये तो हजार झाला. अपघात किंवा आजाराची चौकशी नेमायची ताकद कलम ९०ने शासनाला दिली, 'योग्य वाटल्यास'. यादीत रोग असणं आणि कागदावर रोग येणं यांच्यामध्ये एक टेबल असतं, आणि त्या टेबलामागचा माणूस 'काम काय करता' असं विचारतो की 'बिडी ओढता का' असं, यावर सगळं ठरतं. अजूनही बऱ्याच केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'नोकरी' एवढंच लिहिलेलं असतं. बघा कधी आपल्या घरचे.

प्रतिबंध अवघड होता का? नाही. कार्डिंगच्या यंत्राला झाकण घालून धूळ तिथल्या तिथे ओढून घ्यायची, दाते पोकळीच्या नळीने साफ करायचे, आणि सोमवारी पाळीच्या आधी नि नंतर कामगाराला नळीत फुंकायला लावून श्वास मोजायचा. हे सगळं माहीत होतं. खर्चाचं होतं, अवघड नव्हतं. मग १८ जानेवारी १९८२चा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्या एकेक करून गेल्या. धूळही गेली. ज्या जागी कार्डिंग होतं तिथे आज काय आहे हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथे सिनेमा बघायला जाता.

भोपाळबद्दल वेगळं व्याख्यान व्हायला हवं, मी दोनच वाक्यं बोलतो. परळच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री, टाकीत पाणी शिरलं आणि विषारी वायू बाहेर पडला. १९८८मध्ये कंपनीच्या सल्लागारांनी निष्कर्ष मांडला की एका नाराज कामगाराने मुद्दाम नळी जोडली असावी. परत तोच रकाना! क्षणभर धरून चालू की तसंच झालं. तरी टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपासून बंद होती, वायू जाळणारा मनोरा जोडणी काढून ठेवलेला होता, वायू शोषून घेणारी यंत्रणा चालू स्थितीत नव्हती. एका नळीने एवढं शहर का मरावं, याचं उत्तर नळी धरणाऱ्या हातात कुठून सापडणार? त्यानंतर १९८७मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि धोक्याच्या कारखान्यांत कामगारांच्या प्रतिनिधींची सुरक्षा समिती आली. मोठा धोका जवळ आला आहे असं वाटलं तर तसं वरिष्ठांना आणि निरीक्षकाला कळवण्याचा हक्कही कामगाराला मिळाला. म्हणजे ज्याला पाटा जाणवतो त्याला बोलण्याची मुभा. तिचा वापर किती होतो, हे इथे जे कारखान्यांतले असतील त्यांनीच प्रश्नोत्तरांत सांगावं.

अण्णा १९८०च्या पावसाळ्यात गेले. त्यांचे कागद काकूंनी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले होते: हजेरीची कार्डं, पगाराच्या पावत्या, दवाखान्याचे पिवळे पडलेले कागद. मागच्या वर्षी मी ते पहिल्यांदा नीट लावले. कार्डांवर आजारपणाच्या खाड्यांच्या तारखा आहेत. मी जुनी पंचांगं काढून त्या तारखांचे वार बघत बसलो. तेवीस तारखा आहेत, त्यातले सतरा सोमवार.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक मागे पाठवा जरा.